जुन्या हार्ड डिस्कला नवें घर : काटकसर कोठें करावी व कोठें करूं नये

घरांत नवा संगणक आला कीं जुना एका कोपऱ्यांत जातो, आणि पुढें केव्हां तरी सणाच्या साफसफाईंत भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढतो. पत्रा, तारा व प्लॅस्टिक यांचे जे चार पैसे येतात तेवढ्यावर घरचीं मंडळी समाधान मानितात. परंतु त्या जुन्या पेटाऱ्यांत एक वस्तु अशी असते कीं तिची खरी किंमत भंगाराच्या तराजूनें कधींच करतां येत नाहीं. ती वस्तु म्हणजे हार्ड डिस्क होय. थोरल्या बहिणीच्या लग्नाचे फोटो, वडिलांचीं पत्रें, दुकानाचा दहा वर्षांचा हिशेब, असें कितीतरी धन तिच्यांत निमूटपणें सांठलेलें असतें.

विद्यार्थिमित्रहो, संगणक बंद पडला म्हणजे त्यांतील डिस्कही बंद पडली असें मुळींच नाहीं. पुष्कळदां पडदा जातो, वीज पुरविणारा भाग जळतो, किंवा यंत्र नव्या कामास अपुरें पडतें. डिस्क मात्र धडधाकट असते. अशा डिस्कला बाहेरून एक लहानशी पेटी चढविली आणि ती पेटी केबलनें नव्या संगणकास जोडली, कीं जुनें भांडार पुनः उघडतें. बाजारांत ह्या पेटीला 'केसिंग' किंवा 'एन्क्लोजर' म्हणतात. नवी तयार डिस्क विकत घेण्यापेक्षां हा मार्ग पुष्कळच स्वस्त आहे. परंतु स्वस्त वस्तूंतही निवड चुकली तर पैसे जातात, आणि कधीं कधीं पैशांहून मोलाची वस्तु जाते. म्हणून ही निवड कशी करावी, तिच्यांत कोठें हात आंखडावा व कोठें आंखडूं नये, याचा विचार ह्या पाठांत करूं.

डिस्क व तिची पेटी

आय.बी.एम. कंपनीनें पहिली हार्ड डिस्क १९५६ सालीं जगापुढें आणिली. तींत दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या. सर्व यंत्राचें वजन एका टनाच्या घरांत होतें. आणि इतक्या खटाटोपानें तीवर सुमारें ५० लक्ष अक्षरें मावत. आज तळहातावर राहणाऱ्या एक टेराबाइटच्या डिस्कवर याच्या दोन लक्ष पट मजकूर राहतो. मूळ तत्त्व मात्र तेंच आहे. चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या मिनिटास ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात, आणि त्यांवरून वाचणारें शीर्ष तरंगत जातें. तबकडी व शीर्ष यांतील अंतर माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षां हजारों पटींनीं कमी असतें. ही एक गोष्ट ध्यानांत ठेविली म्हणजे फिरत्या डिस्कला धक्का कां लागूं देऊं नये आणि तिचें झांकण घरीं कधींच कां उघडूं नये, हें निराळें सांगावें लागत नाहीं.

आतां पेटीकडे वळूं. पेटी म्हणजे नुसतें डबडें नव्हे. तिच्या आंत एक छोटी विद्युत्‌-पट्टी असते व तिच्यावर एक चिप बसविलेली असते. डिस्क जी भाषा बोलते तिला 'साटा' म्हणतात. संगणकाच्या बाहेरील खांचेची भाषा 'यूएसबी' आहे. ही चिप त्या दोघांमधील दुभाषी होय. दुभाषी चांगला असेल तर बोलणें जलद व बिनचूक होतें. वाईट असेल तर दोघे शहाणे असूनही गोंधळ उडतो. म्हणून पेटीचा रंग, तिच्यावरील दिवे व चकाकी यांपेक्षां हा दुभाषी, वीज पुरविण्याची सोय आणि केबल ह्या तीन गोष्टींस महत्त्व आहे.

प्रथम आपली डिस्क ओळखा

दुकानांत जाण्यापूर्वीं पट्टी घेऊन डिस्क मोजावी. येथें नांवावरून फसूं नये. 'साडेतीन इंची' म्हणून जी मोठी डिस्क टेबलावरच्या संगणकांत असते तिची रुंदी मोजली तर चार इंच भरते. 'अडीच इंची' म्हणून जी लहान डिस्क लॅपटॉपमध्यें असते ती पावणेतीन इंच रुंद निघते. नांव पूर्वींपासून चालत आलें आहे. पेटी मात्र त्या नांवानेंच मागावी.

दुसरें माप जाडीचें. लहान डिस्क बहुधा ७ किंवा ९.५ मिलिमीटर जाड असते, आणि बाजारांतील सामान्य पेट्या ह्याच दोन जाडींसाठीं केलेल्या असतात. कांहीं अधिक मोठ्या सांठ्याच्या डिस्क १२.५ किंवा १५ मिलिमीटर जाड असतात. त्या साध्या पेटींत शिरत नाहींत. सात मिलिमीटरची डिस्क साडेनवाच्या पेटींत हलते; तिच्यासाठीं फोमची पट्टी पेटीबरोबर मिळते कीं नाहीं तें पाहावें.

तिसरी गोष्ट जोडणीची. डिस्कच्या मागील बाजूस दोन चपट्या खांचा, एक लहान व एक मोठी, असतील तर ती साटा जातीची आहे. त्याऐवजीं बारीक टांचण्यांच्या दोन ओळी दिसल्या तर ती त्यापूर्वींची 'आयडीई' जातीची होय. साटा डिस्क २००३ च्या सुमारास बाजारांत येऊं लागल्या. त्याआधींच्या संगणकांतील डिस्क बहुधा आयडीईची निघेल. साटाची पेटी आयडीईस चालत नाहीं.

अलीकडील लॅपटॉपांत डिस्कऐवजीं २२ मिलिमीटर रुंदीची एक पातळ पट्टी असते, तिला 'एम.२' म्हणतात. हिच्यांत फिरणारी तबकडी नसते. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या ह्या पट्ट्यांत दोन जाती आहेत : कांहीं साटा बोलतात, कांहीं 'एनव्हीएमई' बोलतात. एकीची पेटी दुसरीस चालेलच असें नाहीं. खांचांवरून अंदाज येतो. परंतु निर्णय पट्टीवरील चिठ्ठी वाचूनच करावा. हीं सर्व मापें व चिठ्ठीवरील अक्षरें एका कागदावर उतरून घ्यावीं आणि मगच घराबाहेर पाऊल टाकावें.

वीज : येथें काटकसर नको

लहान डिस्क ५ व्होल्टवर चालते. ती वीज यूएसबीच्या केबलमधूनच मिळते, म्हणून तिच्या पेटीस निराळा अ‍ॅडॅप्टर लागत नाहीं. तथापि जुन्या यूएसबी २.० च्या खांचेंतून नियमाप्रमाणें ०.५ अँपियरच वीज मिळते, यूएसबी ३.० च्या खांचेंतून ०.९ अँपियर मिळते. डिस्क सुरू होण्याच्या क्षणीं तिला अधिक जोर लागतो. त्यामुळें जुन्या संगणकास लावलेली लहान डिस्क कधीं दिसते, कधीं दिसत नाहीं. दोष डिस्कचा नसून उपाशीपणाचा असतो.

मोठ्या डिस्कला ५ व्होल्टबरोबर १२ व्होल्टही लागतात, आणि साधी यूएसबी खांच तर ५ व्होल्टच देते. म्हणून मोठ्या डिस्कच्या पेटीस भिंतींत लावावयाचा अ‍ॅडॅप्टर अवश्य पाहिजे. तो बहुधा १२ व्होल्ट व २ अँपियरचा असतो. 'मोठ्या डिस्कसाठीं, अ‍ॅडॅप्टरशिवाय' असें म्हणून जर कोणी साधी यूएसबी केबल स्वस्तांत देऊं लागला, तर ती घेऊं नये.

आमच्या शाळेंतील एका विद्यार्थ्याच्या घरीं घडलेली हकीकत येथें सांगण्याजोगी आहे. त्यांनीं मोठ्या डिस्कसाठीं जुनी पेटी मिळविली, पण तिचा अ‍ॅडॅप्टर हरवला होता. घरीं इंटरनेटच्या राउटरचा अ‍ॅडॅप्टर होता. तोही १२ व्होल्टचा, आणि त्याची पिनही नेमकी बसली. परंतु त्याची शक्ति अर्ध्या अँपियरचीच होती. मोठ्या डिस्कला फिरूं लागतांना सुमारें दोन अँपियरपर्यंत लागतात. डिस्क घरघरे, थांबे, टक्‌ असा आवाज करी, आणि पुनः घरघरे. डिस्क मेली असें ठरून ती टाकून देण्याची तयारी झाली. योग्य अ‍ॅडॅप्टर लावतांच ती सुरळीत फिरूं लागली. तिच्यांत त्या मुलाच्या आजीनें म्हटलेलीं उपासनेचीं गीतें होतीं, आणि आजी तर तीन वर्षांपूर्वींच देवाघरीं गेली होती. दीड अँपियरच्या अज्ञानामुळें एक आवाज ह्या जगांतून कायमचा जाण्याच्या बेतांत होता.

त्या घरीं अ‍ॅडॅप्टर दुबळा लागला हें एका परीनें सुदैवच म्हणावें. लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर चुकून लागला असता, अथवा पिनेची धन-ऋण बाजू उलट असती, तर डिस्क क्षणांत जळून गेली असती. म्हणून पिन बसली म्हणजे अ‍ॅडॅप्टर बसला असें समजूं नये. व्होल्ट तंतोतंत तेवढेच असावे. अँपियर तेवढे किंवा अधिक असावे. आणि धन-ऋणाची खूण जुळावी. अ‍ॅडॅप्टरवर भारतीय मानक ब्यूरोची खूण व नोंदणी क्रमांक छापलेला असावा. नांव-गांव नसलेला अ‍ॅडॅप्टर पेटीबरोबर फुकट मिळाला तरी महागच पडतो.

वेग : येथें हात आंखडा

जाहिरातींत वेगाचे मोठमोठे आंकडे असतात. त्यांचा अर्थ गणितानें लावूं. यूएसबी २.० (सन २०००) चा कमाल वेग सेकंदास ४८० मेगाबिट, यूएसबी ३.० (सन २००८) चा ५ गिगाबिट. आठ बिटांचा एक बाइट होतो. शिवाय कांहीं वेग देवाणघेवाणीच्या व्यवस्थेंत खर्च होतो. प्रत्यक्षांत यूएसबी २.० मधून सेकंदास सुमारें ३५ मेगाबाइट जातात. लॅपटॉपची फिरती डिस्क स्वतः सेकंदास सुमारें १०० मेगाबाइट देऊं शकते. आतां ५०० गिगाबाइट मजकूर उतरावयाचा आहे असें धरा. गिगाबाइट म्हणजे १,००० मेगाबाइट. ५,००,००० ला ३५ नें भागलें तर सुमारें १४,३०० सेकंद, म्हणजे जवळजवळ चार तास होतात. १०० नें भागलें तर ५,००० सेकंद, म्हणजे एक तास तेवीस मिनिटें. तेव्हां यूएसबी २.० ची पेटी अगदीं स्वस्त मिळाली तरी टाळावी, आणि यूएसबी ३.० ची घ्यावी.

परंतु येथेंच थांबावें. १० किंवा २० गिगाबिटांची पेटी घेतल्यानें फिरती डिस्क अधिक जलद धांवत नाहीं. बैलगाडीस रुंद हमरस्ता दिला म्हणून बैल घोडे होत नाहींत. साटा जातीच्या तबकडीविरहित डिस्कलाही ५ गिगाबिटांची पेटी घरगुती कामास पुरते. मात्र ती 'यूएएसपी' ही पद्धत जाणणारी असावी. १० गिगाबिटांवर पैसे खर्चणें एनव्हीएमई पट्टीसाठींच योग्य आहे. आणखी एक सावधगिरी : 'यूएसबी ३.०', '३.१ जेन १' आणि '३.२ जेन १' हीं तीन नांवें एकाच ५ गिगाबिटांच्या वेगाचीं आहेत. नांव नवें म्हणून अधिक दाम देऊं नये.

उष्णता, सांठा व केबल

लहान डिस्कला प्लॅस्टिकची पेटी चालते. तास-दोन तासांच्या कामांत ती फारशी तापत नाहीं. मोठी डिस्क तासन्‌तास चालवावयाची असेल तर ॲल्युमिनियमची पेटी बरी, कारण धातु उष्णता बाहेर नेतो. पेटीस हवेचीं छिद्रें असल्यास अधिक चांगलें. एनव्हीएमई पट्टी आकारानें लहान असली तरी बरीच तापते. तिला धातूचीच पेटी घ्यावी.

दोन टेराबाइटांहून मोठ्या डिस्कसाठीं पेटी घेतांना ती तेवढा सांठा ओळखते काय, हें पाहावें. जुन्या पेट्यांतील दुभाषी चिप ३२ बिटांनींच कप्पे मोजते. दोनाचा ३२ वा घात म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ कप्पे. प्रत्येक कप्पा ५१२ बाइटांचा. गुणाकार केला तर २१,९९,०२,३२,५५,५५२ बाइट, म्हणजे सुमारें २.२ टेराबाइट होतात. यापुढें तिला मोजतांच येत नाहीं. गणिताच्या तासास शिकलेला घात हा असा व्यवहारांत भेटतो.

केबल आंखूड व घट्ट बसणारी असावी. पुष्कळ वेळां 'डिस्क सारखी तुटते' अशी जी तक्रार असते तिचें मूळ सैल केबलमध्यें असतें.

घरीं दोन-तीन सुट्या डिस्क असतील तर प्रत्येकीस पेटी घेण्याचें कारण नाहीं. एक 'डॉक' घ्यावा; त्यांत डिस्क उभी खोंचून काम झाल्यावर काढून ठेवतां येते. बहुतेक डॉकांत लहान व मोठी दोन्ही साटा डिस्क बसतात. रोज बरोबर न्यावयाच्या डिस्कला मात्र पेटीच हवी.

पेटी शक्य तर प्रत्यक्ष दुकानांतून घ्यावी. मुंबईंत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यांत तपकीर गल्लींत, आणि आतां बहुतेक तालुक्यांच्या गांवींही असा माल मिळतो. डिस्क बरोबर न्यावी, दुकानदारासमोर लावून पाहावी, आणि पावती घ्यावी.

पेटी घातल्यावर

डिस्क प्रथम जोडली असतां कधीं कधीं संगणक विचारतो कीं, ही डिस्क 'फॉरमॅट' करावयाची काय? घाईनें 'होय' म्हणूं नये. तसें केल्यास आंतील मजकूर हातचा जाण्याचा संभव असतो. केबल, वीज व दुसरा संगणक हीं तिन्ही तपासून पाहावीं. पुरेशी वीज मिळूनही डिस्क कर्कश किंवा टक्‌टक्‌ आवाज करीत असेल, तर ती तत्काळ बंद करून जाणत्याकडे न्यावी.

डिस्क उघडली कीं पहिलें काम मजकूर दुसरीकडे उतरून घेण्याचें. मग तिची प्रकृति पाहावी. डिस्क आपल्या दुखण्याची नोंद स्वतःच ठेविते. तिला 'स्मार्ट' म्हणतात, आणि 'क्रिस्टलडिस्कइन्फो' सारख्या विनामूल्य साधनानें ती वाचतां येते. खराब होऊन बदललेल्या कप्प्यांची संख्या वाढत असेल तर त्या डिस्कवर विसंबूं नये.

पालकहो, एक गोष्ट विशेष सांगावयाची आहे. जुनी डिस्क पेटींत घातली म्हणजे ती तरुण होत नाहीं. घरच्या फोटोंची एकुलती एक प्रत तिच्या स्वाधीन करणें म्हणजे वृद्ध हमालाच्या डोक्यावर घरची सारी दौलत देणें होय. तिला दुसऱ्या प्रतीचें काम द्यावें. पहिली प्रत अन्यत्र असावी. पेटीवर वांचविलेल्या पैशांचा खरा लाभ हाच, कीं त्यामुळें गरीब घरासही दुसरी प्रत ठेवणें परवडतें. आणि डिस्क खरोखरच टाकावयाची झाली, तर नुसत्या फाइली पुसून भागत नाहीं. तीवर आरंभापासून शेवटपर्यंत नवें लिहून जुनें झांकावें, आणि मग ती इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्या अधिकृत संस्थेकडेच द्यावी.

शेवटचा विचार

पांच भाकरींनीं पांच हजारांस तृप्त केल्यावर प्रभूनें शिष्यांकडून उरलेले तुकडे गोळा करविले व बारा टोपल्या भरल्या, ही गोष्ट आपण सर्व जाणतों. ज्याच्या हातीं विपुलता होती त्यानेंच तुकड्यांची काळजी घेतली. काटकसर म्हणजे कमीत कमी पैसे देणें नव्हे. जें आपल्या वस्तूस उपयोगी पडणार नाहीं त्यासाठीं एक पैसाही देऊं नये, आणि जें तिला वांचवितें त्यासाठीं द्यावा लागेल तो पैसा आनंदानें द्यावा, हीच खरी काटकसर. पेटीच्या चकाकीवर, दिव्यांवर व न लागणाऱ्या वेगावर वांचवा. अ‍ॅडॅप्टर, केबल व दुसरी प्रत यांवर वांचवूं नका. हा नियम हार्ड डिस्कपुरताच आहे असें नाहीं. पुढें तुम्ही घर मांडाल तेव्हांही तो उपयोगी पडेल.

विद्यार्थ्यांस अभ्यास

१. २५० गिगाबाइट मजकूर सेकंदास ३५ मेगाबाइट व १०० मेगाबाइट ह्या दोन वेगांनीं उतरल्यास किती मिनिटांचा फरक पडेल?

२. १२ व्होल्ट व २ अँपियरचा अ‍ॅडॅप्टर किती वॅट देतो? यूएसबी २.० ची खांच किती देते? यावरून मोठी डिस्क केबलवर कां चालत नाहीं तें लिहा.

३. घरीं किंवा शेजारीं पडून असलेली एखादी डिस्क वडिलांच्या परवानगीनें मोजा, तिच्या चिठ्ठीवरील मजकूर उतरून घ्या, आणि तिला कोणती पेटी लागेल तें कारणांसह लिहून आणा.